पहिल्या दिव्याचा मान

आमच्या हिरवाईनगरात हिरवं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याच्या पूर्वेला ओढा ओलांडला की कुसळांचा माळ लागायचा. तो माळ कुणीतरी विकत घेतला, त्यावर फक्कीच्या रेघा मारल्या आणि त्या रेघांना हिरवाईनगर असं नाव देऊन टाकलं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा आणि बाराही महिने कुसळं. शाळेतून घरी आलं की आधी पायरीवर बसून कपड्यातली कुसळं वेचायची, मग चहा. आज तिथं पाच-पाच मजल्यांच्या इमारती आहेत, गाड्या लावण्यावरून भांडणं आहेत आणि कमानीपाशी एक फलक आहे. त्यावर कॉलनीचा इतिहास आणि भूगोल रंगवलेला आहे. त्यातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. का लिहिलं, याचं उत्तर एका शब्दात देता येतं. हेवा. पण एका शब्दात आटपलं तर मी फारच सहज सुटेन, म्हणून सगळं सांगते.

आमचं घर प्लॉट नंबर एकवर. स्लॅबचं घर, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात तात्यांची हिरवी लोखंडी ट्रंक. तात्या म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनवर आलेले. सकाळी पाचला उठून ते स्वतःची चादर अशी घडी करायचे की तिच्या कडेनं कागद कापावा. घरात बोलणं कमी आणि हुकूम जास्त. आईचा स्टोव्ह फरफरायचा, तिच्या बांगड्या वाजायच्या, रेडिओवर बातम्या लागायच्या, आणि एवढेच आवाज. खायला कॅन्टीनची बिस्किटं, डब्यातली दुधाची पावडर, बासमती तांदूळ. कॉलनीतल्या बाया आईला म्हणायच्या, ‘तुमचं बरं हाय बाई.’ मला मात्र त्या घरातलं सगळं इस्त्री केल्यासारखं आणि बेचव वाटायचं.

तात्यांच्या मनात एक सल होता आणि तो आम्हाला सगळ्यांना पाठ होता. आमचं मूळ गाव उंब्रजच्या अलीकडं. गावच्या जत्रेत पालखीपुढचा पहिला नारळ आमच्या घराण्याचा, पण घराण्याचा म्हणजे थोरल्या पातीचा, आणि तात्या धाकट्या पातीतले. चोवीस वर्षं फौजेत काढून, छातीवर बिल्ले लावून ते जत्रेला गेले, तेव्हा चुलतभावानं पालखीपुढून त्यांना हातानं बाजूला केलं. ‘जरा मागं सरा, तात्या. मानकरी हुबं ऱ्हाऊ द्या.’ तात्या मागं सरले ते थेट साताऱ्यापर्यंत. प्लॉट घेतला, घर बांधलं आणि पुन्हा कधी जत्रेला गेले नाहीत. चैत्र आला की कॉलनीतली घरं कुलूपबंद व्हायची, कुणी खंडाळ्याकडं, कुणी तासगावाकडं, ज्याची त्याची जत्रा. आम्ही तेवढे घरी, तात्या व्हरांड्यात, आणि आई त्यांच्याशी बोलायला घाबरत असलेली.

आणखी एक घर चैत्रात जागचं हलायचं नाही. ते रंजीचं. घर कसलं, पत्र्याचं खोपटं. माळाच्या कडेला जुन्या शेताचा बांध होता, बांधावर लिंब, लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, आणि त्याच्या शेजारी हे खोपटं. रंजीचे वडील गवंडी, म्हसवडच्या पलीकडचे. प्लॉट पडले तेव्हा विटा-वाळूची राखण करायला म्हणून त्यांना इथं आणून ठेवलं, आणि सगळ्या कॉलनीची घरं त्यांच्याच हातून उभी राहिली. आमचंसुद्धा. पुढं त्यांना कोपऱ्यावरचा त्रिकोणी तुकडा मिळाला, पण स्वतःचं घर बांधायला त्यांना कित्येक वर्षं सवड झाली नाही. रंजी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. आम्ही एकमेकींशिवाय पाणी प्यायला जात नव्हतो. आणि मी तिच्यावर मनातल्या मनात इतकी जळत होते की कधी कधी माझं मलाच भ्या वाटायचं.

कशावर जळावं म्हणता? पत्र्यावर. दुपारी तापलेला पत्रा टक् टक् वाजायचा, पावसात त्याचा ताशा व्हायचा, आणि आमचा स्लॅब बारा महिने मुका. चुलीवर. हौसामावशी, म्हणजे रंजीची आई, हुलग्याचं माडगं करायची. त्यात गूळ, वर सुंठीची चिमूट, आणि ते ती रंजीला फुंकून फुंकून पाजायची, चांगली नववीतली घोडी झाली तरी. मला वाटीभर द्यायची, पण फुंकून नाही द्यायची. आता या वयात मी हे लिहितेय आणि मला ती वाटी दिसतेय. तोंड पोळलं होतं माझं. ते मी विसरलेले नाही.

सगळ्यात जास्त जळले मी त्या नावांवर. हौसामावशीला अक्षरओळख नव्हती, पण माळाचा कोपरा न् कोपरा तिच्या तोंडात होता. आम्हाला प्लॉटचे नंबर ठाऊक. तिला ठाऊक होतं की प्लॉट चौदाच्या जागी लांडग्याचं टेकाड होतं, तिथं पहिल्या वर्षी खरंच लांडगा येऊन बसायचा. पाण्याच्या टाकीच्या जागी सासुरवाशिणीचा बांध, तिथं बसून पूर्वीच्या पोरी माहेरच्या वाटेकडं बघायच्या. ओढा आधी कमानीपाशी वळायचा, त्या वळणाला ती घारीचं वळण म्हणायची. ही नावं तिनं आसपासच्या गुराख्यांकडून, माळाच्या म्हाताऱ्या मालकिणीकडून गोळा केलेली. संध्याकाळी रंजीचे केस विंचरता विंचरता ती एकेक सांगायची आणि मधेच परीक्षा घ्यायची. ‘टेकाडाच्या पल्याड काय, सांग बगू?’ रंजी डोळे मिटून सांगायची. मी शेजारी बसलेली असायची, आणि मलाही उत्तर यायचं, पण मला कुणी विचारायचं नाही.

जत्रेची कल्पना तात्यांचीच. ‘जुनं गाव नको, पण नव्या गावाला जत्रा पायजे,’ असं म्हणून त्यांनी कॉलनीची बैठक बोलावली. म्हसोबा होताच, पालखी आणू, नारळ फोडू. सगळे एकदम तयार झाले. कुणालाच दरवर्षी भाऊबंदकीत जाऊन बसायची हौस उरली नव्हती, हे तेव्हा कळलं. वाईचे जोशी गुरुजी, शाळेतून निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत राहायला आलेले, त्यांनी बोकडाऐवजी पुरणपोळीचा नैवेद्य ठरवून घेतला. मग कुणीतरी विचारलं, पहिला नारळ कुणाचा? आणि बैठकीतला वारा थांबला.

गावात हे ठरलेलं असतं. ज्यानं गाव वसवलं त्याच्या घराण्याचा मान. देवापुढचा पहिला नारळ त्याच्या हाती द्यायचा, तो घरी नेऊन फोडायचा आणि घरातल्या थोरल्या बाईनं आपल्या हातानं खोबरं वाटायचं. पण ज्या गावाला दहा वर्षंही झाली नाहीत, त्याचं कुणी काय सांगावं? शेवटी एवढ्यावर एकमत झालं की माळावर पहिला दिवा ज्याच्या घरी लागला, मान त्याचा. तात्या उठून उभे राहिले.

‘मग प्रश्न मिटला. प्लॉट नंबर एक. पयली वास्तुशांत आमची.’

बायकांच्या बाजूनं हौसामावशीचा आवाज आला. ‘तुमच्या वास्तुशांतीला पानी कुनाच्या हंड्यातनं आलं, सुबेदार?’

लोक हसले. तात्यांचे कान लाल झाले. ‘तुमचं घर न्हवतं. राखनीचा पत्रा हुता त्यो.’

‘पत्र्यात काय अंधारात बसत हुतो व्हय आमी? दिवा मी लावलाय. पयला. हितं दुसरं कुत्रंबी न्हवतं तवा.’

निम्मी कॉलनी तिच्या बाजूची, निम्मी तात्यांच्या. पत्रा म्हणजे घर की नव्हे, यावर दोन तास गेले. माणसं एकमेकांच्या मूळ गावांवर घसरली. तेव्हा गुरुजी उठले. गुरुजींचा आयुष्यभराचा विश्वास होता की जगातला कुठलाही तंटा निबंधानं सुटतो.

‘भांडू नका,’ ते म्हणाले. ‘कॉलनीतली मुलं घरोघर जाऊन माहिती घेतील आणि हिरवाईनगरचा इतिहास व भूगोल लिहितील. जो निबंध उत्तम असेल तो आपण सर्वांनी प्रमाण मानायचा. फलकावर तोच लिहायचा. मुलं खोटं लिहीत नाहीत.’

हे वाक्य मी पुढं आयुष्यभर ऐकत राहिले. कचेरीत नकला काढायच्या टेबलावर मी नोकरी केली, हजारो कागद उतरवले, आणि एकाही नकलेत काना इकडचा तिकडं होऊ दिला नाही. साहेब म्हणायचे, निकमबाईंची नक्कल म्हणजे डोळे मिटून सही करावी. त्यांना काय माहीत.

मी निबंध लिहिला. उत्तरेस ओढा, दक्षिणेस डांबरी रस्ता, एकूण प्लॉट इतके, हापसे दोन. वाचताना मलाच जांभई आली. पहिल्या दिव्याच्या जागी मी तात्यांचं नाव घातलं, पण मला कळत होतं, या निबंधाला कोण विचारतंय. गुरुजींची अट होती की फुलस्केप कागदावर, शाईनं, खाडाखोड न करता पक्की प्रत द्यायची. माझं अक्षर शाळेत पहिलं. कॉलनीतल्या तीन-चार पोरांचे निबंध मीच उतरवून दिले होते, आणि गुरुजींनाही ते ठाऊक होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रंजी तिची वही घेऊन आली. ‘शाले, माजं अक्षर कोंबडीच्या पायाचं. उतरून दी की गं.’ वही माझ्या मांडीवर टाकून ती हापशावर पाणी भरायला गेली.

मी वाचायला लागले. आमच्या बाईंनी शिकवलेल्या शुद्धलेखनाचा तिथं पत्ता नव्हता, पण मी वाचतच राहिले. लांडग्याचं टेकाड होतं, घारीचं वळण होतं, सासुरवाशिणीचा बांध होता. कुठल्या प्लॉटखाली कुणाची विहीर बुजवली तेही होतं. आमच्या व्हरांड्याच्या जागी बोरीचं झाड होतं आणि ते तोडताना तिचे वडील हळहळले होते, हे मला तिच्या वहीतून कळलं. माझ्याच घराचा भूगोल तिच्याकडं होता. आणि मग ती ओळ आली.

‘या माळावर पहिला दिवा माझ्या आईने लावला. तो चिमणीचा होता. दाराला कवाड नव्हते म्हणून वारा आला की आई वाऱ्याला पाठ करून दिव्यापुढे बसायची आणि आम्ही तिच्या पुढ्यात जेवायचो.’

मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. आई पाठ करून बसलीय, आणि तिच्या पुढ्यात दिवा आणि रंजी. माझी आई कधी माझ्यासाठी वाऱ्याला पाठ करून बसली होती? तिला बसावं लागलं नाही, आमच्या घराला दारं होती, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की हिला सगळं आहे. नावं हिची, निबंध हिचा, आई हिची आणि आता नारळही हिचाच. व्हरांड्यात तात्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. मी टाकाची नीब शाईत बुडवली आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘या माळावर पहिला दिवा सुभेदार निकम यांच्या घरी लागला.’ पुढची दोन वाक्यं गाळली. स्लॅबच्या घरात वाऱ्याला पाठ करायची गरज नव्हती. खाली नाव लिहिलं, कुमारी रंजना.

रंजी ओल्या हातानं परत आली. ‘झालं? बगू.’

‘तुझे हात ओले आहेत,’ मी म्हटलं. ‘डाग पडेल. मीच देते गुरुजींकडं.’ तिची वही मात्र मी परत दिली नाही. नंतर देते म्हटलं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी लिंबाखाली सतरंज्या पडल्या. तात्या बिल्ले लावून पुढं बसलेले. हौसामावशी बायकांत, नव्या लुगड्यात. तिला रंजीनं सांगून ठेवलं होतं की तुझं नाव लिहिलंय. तिचं तोंड इतकं फुललेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी निबंध वाचायला घेतला. टेकाड आलं, लोक ‘व्हय व्हय’ म्हणाले. वळण आलं. विहीर आली तेव्हा एक म्हातारा चक्क उठून उभा राहिला. मग ती ओळ. गुरुजी थांबले, त्यांनी चष्मा काढला आणि सगळ्यांकडं बघितलं.

‘हे लिहिणारी मुलगी कोण, ठाऊक आहे? हौसाबाईंची रंजना. स्वतःच्या आईचा दावा असताना तिनं खरं ते लिहिलं. आईच्या मानापेक्षा सत्य मोठं मानलं. धन्य आहे ही मुलगी.’

टाळ्या वाजल्या. माझ्या डोक्यावर कुणीतरी उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं. नारळ आम्हाला मिळाला होता, आणि तरीही शाबासकी तिलाच! खोटं मी लिहिलं, खरेपणाचा सत्कार तिचा. या क्षणी मला पश्चात्ताप झाला असं लिहायला मला आवडलं असतं. झाला नाही. मी जळत होते.

गुरुजींनी रंजीला उभं केलं. ‘हे तूच लिहिलंस ना, बाळ?’

रंजीनं आधी माझ्याकडं बघितलं. सरळ, बराच वेळ. मी सतरंजीचे धागे उपसत होते. मग तिनं आईकडं बघितलं. हौसामावशीचं तोंड उघडं राहिलं होतं, बोलायला नव्हे, नुसतंच. रंजी म्हणाली, ‘व्हय.’ गुरुजींनी तिला शाईचं पेन दिलं, सोनेरी टोपणाचं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पहिला नारळ घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणला. आईनं तो फोडला, थोरल्या बाईच्या मानानं खोबरं वाटलं, आणि त्या दिवसानंतर तात्या चैत्रात आईवर कधी ओरडले नाहीत. हे सुख खोटं होतं असं मला म्हणवत नाही. पण लिंबाखालच्या त्या पत्र्यात काय झालं तेही मी बघितलं. हौसामावशीनं रंजीला मारलं नाही, बोललीसुद्धा नाही. केस विंचरायची, पण मुकाट्यानं. पुन्हा कधी तिनं रंजीला विचारलं नाही की टेकाडाच्या पल्याड काय. आपल्या पोरीला आपल्या पत्र्याची लाज वाटली, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मला माडग्याची वाटी मिळत राहिली, तशीच गरम. रंजी मला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मी सुटले असते. मला तिच्या त्या न बोलण्याचाही हेवा वाटायचा, इतकी मी वाईट.

रंजीचं लग्न सांगलीला झालं. पुढं वडील गेल्यावर ती आईलाही तिकडं घेऊन गेली. पत्रा निघाला, लिंबाभोवती पार झाला, कॉलनी शहराच्या हद्दीत आली. मी साताऱ्यातच राहिले. तात्या आणि आई गेले, आणि नारळ माझ्या भावाचा मुलगा संदीप घेऊ लागला. दरवर्षी त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडतो, खाली अंगठे आणि फुलं. यंदा जत्रेनंतर ठरलं की फलक गंजला, आता ग्रॅनाइटवर कोरून घ्यायचा. संदीप माझ्याकडं आला. ‘आत्या, मूळ मजकूर तुमच्याकडं असंल ना? अक्षर तुमचंच होतं म्हणे.’

रंगवलेलं पुसता येतं. कोरलेलं राहतं. मी कपाट उघडलं आणि रंजीची वही काढली. मी तिला ती आजतागायत परत दिलेली नव्हती. ती ओळ होती तशी, तिन्ही वाक्यांसकट उतरवून मी संदीपच्या हातात दिली. त्यानं वाचलं आणि तो खालीच बसला. ‘आवं आत्या, मान जाईल आपला. आता कशाला हे?’ मी म्हटलं, आपला नव्हताच. तो उठून गेला, तिसऱ्या दिवशी यंदाचा नारळ, हल्लीच्या रीतीनं न फोडता देव्हाऱ्यात ठेवलेला, माझ्या दारात आणून ठेवून गेला. पोरगा आजोबांवर नाही गेला, आजीवर गेलाय.

नारळ आणि वही पिशवीत घालून मी एसटीनं सांगलीला गेले. उंब्रज आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं नाही. रंजी विश्रामबागेच्या पुढं एका नव्या वसाहतीत राहते. पुराला कंटाळून जुन्या सांगलीतून उठून आलेली माणसं तिथं. त्यांच्या कमानीवर अजून काही लिहिलेलं नाही, हे मी जाता जाता बघून घेतलं. दार रंजीनं उघडलं. केस पांढरे, पण दाट. माझे विरळ झालेत. हे पहिलं मनात आलं.

हौसामावशी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. नव्वदीच्या पुढची, एवढीशी झालेली. मी वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. तिच्या कानाशी जायचं, हळू आवाजात सांगायचं, पाया पडायचं. ‘मावशी, मी शालन,’ मी म्हटलं. रंजी हसली. ‘तसं न्हाई ऐकू येत तिला. वरडाय लागतंय.’

तेव्हा मी ओरडले. ज्या गोष्टीचा मी इतकी वर्षं श्वाससुद्धा बाहेर येऊ दिला नव्हता, ती मला गळ्याच्या शिरा ताणून सांगावी लागली. ‘मावशी! तो निबंध! दिव्याचा! रंजीनं तुझंच नाव लिहिलं होतं! मी बदललं! मी!’ शेजारची बाई गॅलरीत येऊन उभी राहिली. रंजीची सून भाजी चिरायची थांबली. ‘हे बघ, तिची वही! पहिला दिवा माझ्या आईने लावला, असं लिहिलंय! वारा आला की आई पाठ करून बसायची, असं लिहिलंय!’

हौसामावशी वहीकडं बघत राहिली. वाचता येत नव्हतंच, पण पानावरून बोट फिरवत राहिली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. मी शिव्यांची तयारी ठेवली होती, त्या आल्या नाहीत. ती रंजीला म्हणाली, ‘मंग तू व्हय का म्हनलीस गं?’

रंजी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती बोलली ते आईला नव्हे, मला, आणि अगदी हळू. ‘मला बरं वाटलं हुतं, शाले. टाळ्या वाजल्या आणि वाटलं, पत्रा पुसला गेला. आता आपण पत्र्यातल्या न्हाई. तू खोटं लिवलंस, पर मला ते गोड लागलं. तुज्या स्लॅबच्या घरावर लय जळायची मी.’

जन्मभर मी जिच्यावर जळले, ती माझ्या त्या मुक्या स्लॅबवर जळत होती. आणि हौसामावशीनं इतकी वर्षं मनात धरलं होतं, ते बरोबर होतं.

‘काय म्हंती ती?’ हौसामावशीनं मला विचारलं. ‘मला ऐकू न्हाई आलं. काय म्हंती?’

रंजी माझ्याकडं बघत होती. सरळ, बराच वेळ, लिंबाखाली बघितलं होतं तसं. या वेळी मी धागे उपसले नाहीत. मी वाकले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, ‘म्हणतेय, खरं सांगितलं असतं तर तात्यांनी मला मारलं असतं! मला मार बसू नये म्हणून गप बसली ती!’

एवढीच एक ओळ बदलली. आयुष्यात दुसऱ्यांदा.

हौसामावशीचा चेहरा हळूहळू हलला. तिनं हात पुढं केला, रंजी येऊन पलंगावर बसली, आणि म्हातारी तिच्या तोंडावरून, गालावरून, पांढऱ्या केसांवरून हात फिरवायला लागली. ‘येडे,’ ती म्हणत होती, ‘मला सांगायचं न्हाई व्हय गं? मला सांगायचं न्हाई?’ रंजी आईच्या मांडीत तोंड घालून रडत होती. माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं म्हातारीनं विचारलं, ‘टेकाडाच्या पल्याड काय हुतं, सांग बगू?’ मांडीतूनच उत्तर आलं, ‘घारीचं वळण.’ मलाही येत होतं.

मग मी नारळ काढला. यंदाचा मानाचा, म्हटलं, तुझा. रंजीच्या सुनेनं तो फोडून दिला. हौसामावशीनं पदर सावरला, ताठ बसली आणि थोरल्या बाईच्या मानानं आपल्या हातानं खोबरं वाटलं. पहिला तुकडा देवाचा बाजूला ठेवला. दुसरा रंजीला दिला, तिसरा मला.

रंजीचा तुकडा मोठा होता. मी बघितलं.